जवळचे झेल का सुटू लागलेत? स्लिप, गली आणि शॉर्ट लेगबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कसोटी क्रिकेट मनापासून बघणारी चार माणसं एकत्र आली की कधी ना कधी हे वाक्य ऐकू येतंच: "पूर्वी असे झेल सुटायचे नाहीत हो." त्यावर दुसरा कुणी म्हणतो, "पूर्वीही सुटायचे, फक्त दिसायचे नाहीत." दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे. हा विषय माझ्या फार जवळचा आहे. क्लब क्रिकेटमध्ये काही वर्षं मी शॉर्ट लेगला उभा राहिलोय आणि त्या जागेबद्दल मला आजही आदर आणि भीती दोन्ही वाटतात. लोक मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे एका जागी देतोय.

जवळचे क्षेत्ररक्षक म्हणजे नेमके कोण?

ढोबळमानाने दोन घराणी आहेत. पहिलं घराणं स्लिप आणि गलीचं. वेगवान गोलंदाजीला ही मंडळी यष्टिरक्षकाच्या शेजारी फळी करून बरीच मागे उभी असतात आणि बॅटची कड घेऊन आलेला चेंडू पकडतात. दुसरं घराणं बॅटच्या पुढ्यातलं: फॉरवर्ड शॉर्ट लेग, सिली पॉइंट, सिली मिड-ऑफ. लेग स्लिप आणि लेग गली याच कुळातल्या, पण फलंदाजाच्या पाठीमागच्या. तिथे नियमाचं बंधन आहे. चेंडू टाकला जाताना लेग साइडला स्क्वेअरच्या (फलंदाजाच्या क्रीझच्या रेषेच्या) मागे यष्टिरक्षक सोडून दोनपेक्षा जास्त क्षेत्ररक्षक ठेवता येत नाहीत.

फिरकीला उभी राहणारी पहिली स्लिप मात्र मी या दोन्हींत धरत नाही, ते वेगळंच खातं आहे. वेगवान गोलंदाजाला उत्तम झेल घेणारा माणूस ऑफस्पिनरला पहिल्या स्लिपमध्ये उभा राहून चाचपडतो, हे मी कितीतरी वेळा पाहिलंय.

दर्जा खरंच घसरलाय, की जुनं ते सोनं म्हणण्याची आपली सवय?

आधी विरुद्ध बाजू मांडतो. धावफलकात सुटलेल्या झेलाचा रकाना नसतो. बाद झालेल्याची नोंद शंभर वर्षं राहते, जीवदानाची राहत नाही. जुन्या सामन्यांची जी काही चित्रफीत उरली आहे ती घेतलेल्या झेलांची आहे, कारण तेव्हा तेवढंच जपून ठेवलं गेलं. आज प्रत्येक सुटलेला झेल सहा कोनांतून, संथ गतीने, दिवसभर दाखवला जातो. त्यामुळे "पूर्वी सुटायचे नाहीत" हे सरसकट विधान मला मान्य नाही. शिवाय एकूण क्षेत्ररक्षण तर कुठच्या कुठे गेलंय. सीमारेषेवर हवेत उडी मारून चेंडू आत ढकलायचा, बाहेर पाय टेकून परत आत यायचं आणि तोच झेल घ्यायचा, हे पन्नास वर्षांपूर्वी कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

तरीही जवळच्या झेलांबाबत माझं मत ठाम आहे: घसरण झाली आहे, आणि तिचं कारण हातात नाही, नेमणुकीत आहे. जवळच्या जागांवर पूर्वी मुक्कामी माणसं असायची. मार्क टेलर पहिल्या स्लिपमध्ये, मार्क वॉ दुसऱ्या, ही ऑस्ट्रेलियाची जोडी वर्षानुवर्षं हलली नाही. दक्षिण आफ्रिकेकडे ग्रॅमी स्मिथ आणि जॅक कॅलिस होते. भारताकडे राहुल द्रविड आणि व्हीव्हीएस लक्ष्मण होते, आणि २०१२ मध्ये सहा महिन्यांच्या आत दोघेही निवृत्त झाले. त्यानंतर भारताच्या स्लिपमध्ये पुढची काही वर्षं कोण कुठे उभं राहणार हे दर मालिकेला बदलत राहिलं. एका जागी शेकडो तास उभं राहून जे अंगात मुरतं, ते मुरायला आता कुणाला सवडच मिळत नाही.

एक जोडी टिकल्याने असा काय फरक पडतो?

खूप. दोन आकडे देतो. "झे. जयवर्धने गो. मुरलीधरन" (श्रीलंकेच्या मुरलीधरनची गोलंदाजी, जयवर्धनेचा झेल) ही नोंद कसोटी धावफलकांत ७७ वेळा आली आहे. यष्टिरक्षक सोडून दुसऱ्या कुठल्याही क्षेत्ररक्षक-गोलंदाज जोडीला इतके बळी मिळालेले नाहीत. द्रविडने अनिल कुंबळेच्या गोलंदाजीवर ५५ झेल घेतले. हे नुसत्या चपळाईने होत नाही. कुंबळेचा कुठला चेंडू उसळणार, कुठला सरळ घुसणार, थकल्यावर त्याचा टप्पा किती आखूड पडतो, हे द्रविडला हातातून चेंडू सुटताना कळत असणार. मग तो अर्धं पाऊल मागे किंवा पुढे सरकून उभा राहायचा. झेल घेण्यातला निम्मा भाग चेंडू टाकण्याआधीच उरकलेला असतो, तो असा.

शेजाऱ्यांचंही तसंच. पहिल्या आणि दुसऱ्या स्लिपच्या मधून चेंडू सीमापार जातो तेव्हा बहुतेक वेळा दोघांनीही "हा तुझा" असं मनात म्हटलेलं असतं. जुन्या जोडीत हा प्रश्न पडत नाही. कुणाचा उजवा हात किती लांब जातो, कोण लवकर झेपावतो, हे एकमेकांना ठाऊक असतं. रोज नवा शेजारी मिळाला की तेवढाच एक क्षण शंका येते, आणि तेवढ्यात चेंडू निघून गेलेला असतो.

झेल घ्यायला प्रत्यक्षात किती वेळ मिळतो?

हिशेब करून बघू. वेगवान गोलंदाजाच्या चेंडूची कड लागली तर तो साधारण ११० ते १२० किलोमीटर वेगाने स्लिपकडे निघतो, म्हणजे सेकंदाला तीस मीटरच्या वर. स्लिप पंधरा-सोळा मीटरवर असेल तर हातात जेमतेम अर्धा सेकंद उरतो. फिरकीला स्लिप चार मीटरवर असते आणि चेंडू ६५ किलोमीटरने आला तरी पाव सेकंदाच्या आत हातावर असतो.

शॉर्ट लेगचं गणित तर अंगावर काटा आणणारं आहे. अंतर अडीच मीटर, चेंडूचा वेग ७० किलोमीटर धरला तर वेळ ०.१३ सेकंद. डोळ्यांनी पाहून हात हलवायला माणसाला साधारण ०.२ सेकंद लागतात. म्हणजे शॉर्ट लेगला झेल "बघून" घेताच येत नाही. शरीर आधीच योग्य ठिकाणी, योग्य उंचीवर असावं लागतं. फलंदाजाचा पुढचा पाय, त्याच्या मनगटाचा कोन, बॅट पॅडला चिकटली आहे की पुढे आली आहे, एवढ्या खुणांवरून क्षेत्ररक्षक आधीच झुकलेला असतो. पाहणाऱ्याला ती चपळाई वाटते. खरं तर ते वाचन असतं, आणि ते हजारो चेंडू तिथे उभं राहूनच येतं.

एकनाथ सोलकरांचं नाव या विषयात सारखं का निघतं?

कारण भारताच्या या क्षेत्ररक्षकाएवढं शॉर्ट लेगचं झालेलं दुसरं कुणी मला माहीत नाही. २७ कसोटींत ५३ झेल, म्हणजे कसोटीमागे जवळपास दोन. तुलनेसाठी बघा: बॉब सिम्पसन हे सर्वकाळच्या महान स्लिप क्षेत्ररक्षकांपैकी एक, त्यांचे ६२ कसोटींत ११० झेल. स्टीफन फ्लेमिंग १११ कसोटींत १७१. द्रविड १६४ कसोटींत २१०. सरासरी काढली तर सोलकर या सगळ्यांच्या पुढे आहेत, आणि तेही डोक्यावर हेल्मेट न घालता.

१९७१ चा ओव्हलचा झेल डोळ्यांसमोर आणा. इंग्लंडचा दुसरा डाव. पहिल्या डावात ९० धावा करणारा ॲलन नॉट नुकताच आलेला, धाव एक. गोलंदाज वेंकटराघवन. चेंडू बॅट-पॅड होऊन (बॅट आणि पॅड दोन्हींना लागून) पुढ्यात अलगद मरतो, कुणाच्याच हाती लागणार नाही अशा जागी. सोलकर फॉरवर्ड शॉर्ट लेगवरून पूर्ण आडवे होऊन पुढे झेपावतात आणि जमिनीपासून काही इंचांवर तो चेंडू उचलतात. छाती जमिनीवर, हात जवळपास नॉटच्या बुटांपाशी. त्या छायाचित्रात मला दरवेळी त्यांचं डोकं दिसतं. फलंदाज बॅट फिरवेल या भीतीने ते तसूभरही वळलेलं नाही. इंग्लंड १०१ वर बाद झाला, भागवत चंद्रशेखरने ३८ धावांत ६ बळी घेतले आणि भारताने इंग्लंडच्या भूमीवर पहिला कसोटी विजय आणि पहिली मालिका मिळवली.

सोलकर एका जिमखान्याच्या माळ्याचा मुलगा. बेदी, प्रसन्ना, चंद्रशेखर, वेंकट असे चार फिरकी गोलंदाज त्यांना लाभले हे खरंच. दिवसभर फिरकी चालायची, त्यामुळे संधीही तेवढ्या यायच्या. पण उलटही तितकंच खरं आहे. पुढ्यात सोलकर, स्लिपमध्ये अजित वाडेकर, जवळच आबिद अली, अशी माणसं उभी नसती तर त्या चौघांच्या बळींचे आकडे आज दिसतात तसे दिसले नसते.

आजचे खेळाडू जास्त तंदुरुस्त आहेत. मग झेल का सुटतात?

तंदुरुस्तीने धावता येतं, झेपावता येतं. स्लिपमध्ये लागते ती स्थिरता. नव्वद षटकं, प्रत्येक चेंडूला खाली बसायचं, नजर रोखायची, पुन्हा उठायचं. ५४० चेंडूंपैकी तुमच्याकडे येणार फार तर दोन. पाचशेअडतिसाव्या चेंडूलाही गुडघे तितकेच वाकलेले असले पाहिजेत. थकलेला स्लिप क्षेत्ररक्षक ओळखायचा असेल तर त्याचे हात बघू नका, बूड बघा. ते वर उठायला लागलं की समजा, आता खालचा झेल सुटणार.

टी-२० ने नुकसान केलं का?

माझ्या मते हो, पण लोक समजतात त्या मार्गाने नाही. टी-२० खेळून हात बिघडत नाहीत. फक्त त्या खेळात स्लिप एखाद-दोन षटकं असते आणि शॉर्ट लेग जवळजवळ कधीच नसतो. वर्षातले कितीतरी महिने मोठे खेळाडू तेच खेळतात आणि देशांतर्गत चार दिवसांचे सामने खेळायला त्यांना वेळ उरत नाही. मग थेट कसोटीच्या पहिल्या सकाळी, नव्या चेंडूवर, तिसऱ्या स्लिपमध्ये उभं राहायचं. सरावात शंभर झेल घेतले असतील, पण चार तास वाट पाहिल्यावर आलेला एकशे एकावा झेल वेगळा असतो.

हेल्मेटमुळे शॉर्ट लेग सुधारला की बिघडला?

या प्रश्नावर मी बराच विचार केलाय आणि माझं उत्तर कुणाला आवडत नाही. हेल्मेट हवंच. १९९८ मध्ये ढाक्यातल्या एका क्लब सामन्यात रमण लांबा फॉरवर्ड शॉर्ट लेगला हेल्मेट न घालता उभे होते, फटका डोक्याला लागला आणि काही दिवसांत ते गेले. त्यानंतर या बाबतीत वाद घालण्यासारखं काही उरत नाही.

पण हेल्मेटने त्या जागेचा दर्जा बदलला. पूर्वी तिथे उभं राहायला स्वतःहून तयार होणारा माणूस लागायचा, कारण बाकी कुणी तयार होत नसे. जो तयार व्हायचा तो ती कला शिकायचा, कारण न शिकणं त्याला परवडणारं नव्हतं. हेल्मेट आलं आणि कर्णधारांना वाटू लागलं की आता कुणालाही उभं करता येईल. संघात नव्याने आलेल्या पोराच्या हातात हेल्मेट दिलं जाऊ लागलं. तो पोरगा उद्या जुना झाला की ते हेल्मेट पुढच्याला देणार, कारण ती जागा म्हणजे सुटका करून घेण्याची गोष्ट झाली आहे. शॉर्ट लेगला हवं असतं अनुभवाचं माणूस, आणि आपण पाठवतो ते सगळ्यात अननुभवी. आकाश चोपडाने २००३-०४ मध्ये, नंतर चेतेश्वर पुजाराने ती जागा मनापासून केली, तेव्हा फिरकी गोलंदाजांना त्याचा फायदा उघड दिसत होता.

आणखी एक. जाळीआडून दिसतं थोडं कमी, आणि मान खाली घालून बसताना हेल्मेटचं वजन जाणवतं. मी स्वतः घातलंय म्हणून सांगतो: चेंडू अगदी पोटाजवळ खाली आला तर हनुवटीजवळच्या पट्टीआड क्षणभर नाहीसा होतो.

हेल्मेटवर आपटून उडालेला चेंडू पकडला तर बाद असतं का?

आता असतं. २०१७ मध्ये नियम बदलला. त्याआधी क्षेत्ररक्षकाच्या हेल्मेटला लागलेला चेंडू झेल म्हणून धरला जात नसे.

इतकं जवळ उभं राहतात तर हातमोजे का घालत नाहीत?

नियम परवानगी देत नाही. हातमोजे आणि बाहेरून घालायचे पॅड फक्त यष्टिरक्षकाला. पँटच्या आत नडगीसाठी पॅड आणि पोटासाठी गार्ड चालतो. बोटांना पट्टी बांधायची असेल तर पंचांची संमती लागते.

डीआरएसचा जवळच्या झेलांशी काय संबंध?

थेट नाही, पण मोठा आहे. डीआरएस म्हणजे पंचांच्या निर्णयाचं कॅमेऱ्यांच्या मदतीने होणारं पुनरावलोकन. पूर्वी फिरकीसमोर फलंदाज पुढचा पाय लांब टाकायचा आणि बॅट पॅडच्या मागे लपवायचा. इतक्या पुढे आलेल्याला पंच सहसा पायचीत देत नसत. बॅट आणि पॅड असे चिकटलेले असल्यामुळे जरा चुकलं की चेंडू दोन्हींना लागून पुढ्यात उडायचा, आणि सिली पॉइंट-शॉर्ट लेगची चंगळ व्हायची. २००८ मध्ये भारत-श्रीलंका मालिकेत पुनरावलोकनाची पद्धत पहिल्यांदा वापरली गेली, आणि पुढच्या काही वर्षांत पॅड पुढे करणं म्हणजे विकेट देणं झालं. फलंदाजांनी बॅट पुढे आणली. फिरकी गोलंदाजही यष्ट्यांच्या रोखाने टाकू लागले, कारण पायचीत मिळू लागलं. परिणाम असा की बॅटच्या पुढ्यातले क्षेत्ररक्षक कमी वेळा लावले जातात, आणि लावले तरी कमी षटकं. संधी कमी, म्हणून सराव कमी. याची दुसरी बाजूही मान्य करायला हवी. बॅटची बारीक कड आता आवाजाच्या आलेखात सापडते, त्यामुळे खरा बॅट-पॅड झेल पूर्वीसारखा वाया जात नाही.

जाड बॅटमुळे कड जोरात उडते हे खरं का?

खरं आहे. कडा इतक्या जाड होत गेल्या की २०१७ मध्ये नियम करून कडेची जाडी ४० मिलिमीटर आणि बॅटची खोली ६७ मिलिमीटर अशी मर्यादा घालावी लागली. त्यात आजचे फलंदाज जोरात हात सोडतात. हलक्या हाताने ढकललेला चेंडू स्लिपच्या गुडघ्याशी येतो. पूर्ण ताकदीने मारलेल्याची कड खांद्यावर किंवा डोक्यावरून जाते. त्यामुळे आजच्या स्लिपला उंचावरचे, वेगाने येणारे झेल जास्त मिळतात आणि ते अवघडच असतात. एवढी सूट मी आजच्या खेळाडूंना नक्की देईन.

इंग्लंडमध्ये चांगले चांगले क्षेत्ररक्षक झेल का सोडतात?

तिथे वापरला जाणारा ड्यूक बनावटीचा चेंडू बॅटला चुकून गेल्यावरही हवेत डुलतो. यष्टिरक्षकांना विचारा, शेवटच्या दोन मीटरमध्ये तो नागमोडी होतो. स्लिपचं तेच. त्यात थंडी. गार पडलेल्या बोटांवर कडक चेंडू बसला की हात आपोआप आखडतात, आणि आखडलेल्या हातातून चेंडू उडतो. बाहेरून येणाऱ्या संघांना याची सवय व्हायला पहिला सामना जातो.

एका सुटलेल्या झेलाची खरी किंमत किती?

जुनं उदाहरण १९९० च्या लॉर्ड्स कसोटीचं. इंग्लंडचा ग्रॅहम गूच ३६ वर असताना भारताच्या किरण मोरेच्या हातून झेल सुटला. गूचने ३३३ केल्या, दुसऱ्या डावात आणखी १२३. तो झेल यष्टिरक्षकाचा होता, पण किंमत समजायला पुरेसा आहे.

ताजं उदाहरण जास्त बोलकं आहे. जून २०२५, हेडिंग्ली. भारताने दोन डावांत ४७१ आणि ३६४ केल्या, फलंदाजांनी पाच शतकं ठोकली, आणि तरीही इंग्लंडने ३७१ चं लक्ष्य पाच गडी राखून गाठलं. एका सामन्यात पाच शतकं करून हरलेला तो पहिलाच संघ. यशस्वी जैस्वालच्या हातून सामन्यात चार झेल सुटले. ऑली पोप ६० वर होता, बुमराहच्या चेंडूवर स्लिपमध्ये जीवदान मिळालं, त्याचे १०६ झाले. बेन डकेट ९७ वर होता (हा झेल मात्र सीमारेषेजवळचा), त्याचे १४९ झाले. पहिल्या डावात बुमराहला पाच बळी मिळाले. हात साथ देते तर किती मिळाले असते, हे मनात येतंच.

जैस्वालवर त्यानंतर जी झोड उठली ती मला पटली नाही. तो क्षेत्ररक्षक म्हणून वाईट मुळीच नाही. त्या मालिकेत भारताची फळी नव्यानेच बसवली जात होती. प्रश्न एका पोराच्या हातांचा नव्हता.

आणि झेल घेतले की सामना जिंकतोच?

नाही. ऑगस्ट २०१५ मध्ये गॉलच्या कसोटीत अजिंक्य रहाणेने आठ झेल घेतले. एका कसोटीत यष्टिरक्षक सोडून कुणीही इतके घेतले नव्हते. त्याआधीचा विक्रम सात झेलांचा होता, आणि त्याच्या वाटेकऱ्यांत यजुर्वेंद्रसिंह होते, ज्यांनी १९७७ मध्ये बंगळुरूला पदार्पणातच ते सात घेतले होते. गॉलला भारत ६३ धावांनी हरला. रहाणेचे ते झेल मात्र शिकणाऱ्याने पुन्हा पुन्हा बघावेत. फिरकीला स्लिपमध्ये इतकं शांत डोकं मी क्वचितच पाहिलंय.

पहिल्या स्लिपने चेंडू बघायचा की बॅटची कड?

जुनी शिकवण अशी: पहिल्या स्लिपने गोलंदाजाच्या हातापासून चेंडूचा माग ठेवायचा, बाकीच्यांनी बॅटच्या कडेवर नजर रोखायची. कारण साधं आहे. पहिली स्लिप चेंडूच्या मार्गाच्या जवळपास असते, तिला तो येताना दिसतो. गलीला तो आडवा दिसतो, माग काढता काढता डोळा मागे पडतो. मी हेच मानतो. पण काही फार मोठे क्षेत्ररक्षक उलट करतात, आणि त्यांचे हात भरलेले असतात. ज्याने तुम्ही शांत राहता ते करा, फक्त सामन्याच्या मध्यात बदलू नका.

बोटं वर की खाली?

छातीच्या खाली आलेला चेंडू बोटं जमिनीकडे करून, वर आलेला बोटं आकाशाकडे करून. भांडण होतं ते मधल्या पट्ट्यात, बरगडीजवळ. ऑस्ट्रेलियात लहानपणापासून तिथेही बोटं वर करून घ्यायला शिकवतात; इंग्लंड आणि भारतात अंग वळवून बोटं खाली ठेवण्याचा कल जास्त. दोन्ही चालतं. चालत नाही ते ऐन वेळी ठरवणं.

आज कोण चांगलं आहे?

निराश व्हायचं कारण नाही. जो रूटने जुलै २०२५ मध्ये लॉर्ड्सला आपला २११ वा झेल घेऊन द्रविडला मागे टाकलं. स्टीव्ह स्मिथच्या तोडीचा स्लिप क्षेत्ररक्षक कुठल्याही काळात मोठाच ठरला असता. या दोघांकडे बघा: दोघेही दहा-दहा वर्षं त्याच फळीत उभे आहेत. माझं सगळं म्हणणं त्यांच्यात आलं.

फळी जमली की काय होतं हे बघायचं असेल तर ऑगस्ट २०१५ ची ट्रेंट ब्रिजची सकाळ बघा. ऑस्ट्रेलिया १८.३ षटकांत ६० वर बाद. इंग्लंडचा स्टुअर्ट ब्रॉड १५ धावांत ८ बळी, आणि आठही झेल क्षेत्ररक्षकांचे: रूट तीन, कूक दोन, स्टोक्स दोन, बेल एक. ॲडम व्होजेसचा झेल स्टोक्सने उजवीकडे मागे झेपावत एका हातात घेतला तेव्हा ब्रॉडने स्वतःच तोंडावर हात ठेवले. तो चेहरा सगळ्यांना आठवतो. मला त्याच्या आधीचं अर्धं सेकंद आठवतं, स्टोक्स जितका खाली बसलेला होता ते.

जमिनीलगतच्या झेलांवर इतके वाद का होतात?

कारण लांबच्या कॅमेऱ्याच्या सपाट चित्रात चेंडू आणि गवत यांच्यातलं अंतर चेपलं जातं. स्वच्छ झेलही टेकल्यासारखा दिसतो. जून २०२३ मध्ये मैदानावरच्या पंचांनी कौल सांगून तिसऱ्या पंचाकडे जाण्याची पद्धत बंद झाली, आणि त्याच महिन्यात ओव्हलवर कसोटी अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यात गलीत कॅमेरून ग्रीनने घेतलेल्या शुभमन गिलच्या झेलावरून रान पेटलं. चेंडूखाली बोटं होती की नाही हे खात्रीने फक्त क्षेत्ररक्षकाला कळतं, आणि खरं सांगायचं तर कधीकधी त्यालाही नाही.

सुधारणा करायची तर कुठून?

सराव कमी पडतोय असं मला वाटत नाही. खाचा असलेल्या फळीवर आपटून दिशा बदलणारे चेंडू, वेड्यावाकड्या उसळणारे रबरी चेंडू, जुना लाकडी क्रेडल (चेंडू उडवून देणारी पाळण्यासारखी चौकट), सगळं आहे. कमी पडतेय ती चिकाटी, आणि ती निवड समिती आणि कर्णधाराने दाखवायची आहे. पहिली, दुसरी, तिसरी स्लिप आणि गली अशी चार माणसं ठरवा आणि दोन वर्षं हलवू नका. झेल सुटला म्हणून त्याच संध्याकाळी जागा बदलू नका. बदललेला माणूस दुसऱ्या जागीही सोडतो आणि नव्या माणसालाही धास्ती बसते. शॉर्ट लेगला माणूस निवडताना त्याला विचारा. हो म्हणाला तर ती त्याची जागा, संघात जुना झाल्यावरही. आणि मालिकांच्या मधे या चौघा-पाच जणांना चार दिवसांचे सामने खेळू द्या, दिवसभर उभं राहण्याची सवय दुसरीकडे लागत नाही.

मुलांना जवळचे झेल शिकवताना काय करावं?

आधी मऊ चेंडू. खूप दिवस. दुखलेला हात चेंडूपासून मागे पळतो आणि ती भीती नंतर वर्षभर जात नाही. टेनिसच्या चेंडूवर मुलाला झेलाचा आवाज ऐकायला शिकवा. हात चेंडूबरोबर मागे आले तर जवळजवळ आवाज येत नाही. ताठ ठेवले तर फटकन वाजतो. मुलं हा फरक लगेच पकडतात आणि आवाज न करण्याची शर्यत लावतात.

मग कडक चेंडू, पण जवळून आणि हळू. बॅटची कड लावून देणारा माणूस शक्यतो रोज तोच असावा. दहा-बारा झेलांनंतर मुलाचा तळवा बघा. लाल ठसा बोटांच्या मुळाशी, तळव्याच्या वरच्या गादीवर असेल तर ठीक चाललंय. बोटांच्या टोकांवर किंवा मनगटाजवळच्या हाडावर असेल तर थांबवा, त्याची बसण्याची उंची बघा. बहुतेक वेळा ते मूल चेंडू येण्याआधीच उभं राहत असतं.

शॉर्ट लेगला मूल बारा-तेरा वर्षांचं होईपर्यंत उभं करू नका, आणि केलं तर हेल्मेट आणि गार्डशिवाय एक चेंडूही नाही. पहिले काही दिवस झेलाची अपेक्षाच ठेवू नका. नुसतं बसू द्या, फलंदाजाच्या पुढच्या पायाकडे बघत. मारणार की अडवणार हे चेंडूला बॅट लागायच्या आधी त्याने मोठ्याने ओरडून सांगायचं. पहिल्या आठवड्यात निम्मी उत्तरं चुकतील. महिनाभराने चुकणं कमी झालं की मग हात पुढे करायला सांगा.